डाव्या काखेतल्या चार ओळी

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं काढली की एक सवय लागते. कोणतंही काम हाती घेण्याआधी त्याची नोंद करायची. त्यामुळे या सगळ्या प्रकरणाची माझ्याकडे लेखी नोंद आहे. वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: ‘उद्दिष्ट – बाबांचा हिरवा स्वेटर उसवून बिनबाह्यांचा नवा विणणे. कालावधी – दहा दिवस. संभाव्य अडचणी – नाहीत.’

त्या ‘नाहीत’कडे मी अजूनही अधूनमधून बघते.

स्वेटर आईनं एक्क्याण्णव साली विणला. बाटलीसारखा गडद हिरवा, समोर दोन उभ्या वेण्या, पूर्ण बाह्या. नागपूरची थंडी मोजून दोन महिन्यांची, पण बाबांचा हिवाळा दिवाळीच्या फराळाबरोबर सुरू व्हायचा आणि होळीपर्यंत चालायचा. चौतीस हिवाळ्यांत कोपरं गेली, गळा पसरला, खालची पट्टी झालरीसारखी लोंबायला लागली. लांबून पाहिलं तर बाबा स्वेटर घालून चाललेत की स्वेटर बाबांना घेऊन चालला आहे, हे सांगणं अवघड होतं.

बाबा म्हणजे आनंदराव. डावखुरे. तारखात्यातून निवृत्त झाले. तार बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण बाबांची बोलण्याची पद्धत तीच राहिली. शब्द वाचवायचे. मी एम.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा त्यांनी पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “अभिनंदन. पुढे?” त्यांची आणखी एक सवय म्हणजे सोसायटीच्या दर जानेवारीतल्या सभेत ते ठरावाला हात वर करत नाहीत. सगळ्यांचे हात वर जातात आणि बाबा हात मांडीवर ठेवून नुसतं “मान्य” म्हणतात. सेक्रेटरी मनोहररावांना ते खटकतं, कारण त्यांच्या नोंदवहीत ‘हात वर’ असा रकाना आहे. मला वाटायचं, खात्याची शिस्त असेल.

आई, मीराबाई, नेमकी उलट. तिच्याकडे शब्दांना तोटा नाही. तिला त्या स्वेटरचा भयंकर राग. दर वर्षी नोव्हेंबरात बोहारीण दारात आली की आई आतून ओरडायची, “थांब वं बाई, एक हिरवं चिंधूक हाये, घेऊन जाय! वाटी दे, चमचा दे, काही दे!” आणि दर वर्षी बाबा स्वेटर अंगात घालूनच दार उघडायचे आणि म्हणायचे, “नाही.” बोहारीण हसत पुढच्या दारी जायची. मला कधी कळलं नाही, की स्वतः दोन महिने डोळे फोडून विणलेल्या वस्तूवर एखाद्या बाईचा इतका दात का असावा. आता आईची बोटं सांध्यांपाशी सुजतात, सुई धरवत नाही. तेव्हा नवा विणून मिळण्याची शक्यताही नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबा नरखेडकडे आत्याच्या गावी निघाले. संत्र्याची तोड होती. तोडीत बाबांचं काम खुर्ची टाकून बसणं आणि पेट्या मोजणं एवढंच, पण ते दर वर्षी जातात. ऐन निघताना आईनं स्वेटर बादलीत बुडवला.

“भिजला,” बाबा म्हणाले.

“भिजवला! वास येऊन राहिला होता त्याचा. रोशननं पाठवलेलं जाकीट घाला अन् जा गुमान.” रोशन म्हणजे माझा भाऊ, पुण्यात असतो आणि मायेपोटी जाकिटं पाठवतो.

बाबांनी बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “सांभाळ,” म्हणाले आणि एसटीला गेले.

मी सांभाळायचं ठरवलं, आणि संकट तिथूनच सुरू झालं. माझा विचार साधा होता. कोपरं आणि गळा सोडला तर लोकर ठणठणीत होती. ती उसवायची, धुवायची, सरळ करायची आणि तिचाच बिनबाह्यांचा स्वेटर विणून बाबा परतायच्या दिवशी त्यांच्यासमोर ठेवायचा. लोकर आईच्याच स्वेटरची राहणार, शिवाय तिची देखरेख असणार. आई लगेच तयार झाली. इतकी लगेच, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

“पण डावी बाजू मी उसवते,” ती म्हणाली.

“तुझी बोटं दुखतात. मी करते.”

“एम.एस्सी. झाली अन् टोक कुठून सोडवाचं ते माहीत नाही तुले. डावी बाजू अवघड असते.”

डावी बाजू उजवीपेक्षा अवघड असल्याचा कोणताही पुरावा मला मिळाला नाही. आईनं पाच मिनिटं टोकाशी झटापट केली, बोटं चोळली आणि स्वेटर माझ्या अंगावर टाकला. मी उसवत गेले. एकेक ओळ सरसर सुटते तेव्हा हाताला फार बरं वाटतं, हे शास्त्रीय नोंदीत लिहिता येत नाही म्हणून इथे लिहिते. डाव्या काखेपाशी मात्र हिरवा धागा संपला आणि आतून आकाशी निळा निघाला. चार ओळी. पुढे पुन्हा हिरवा.

“आई, हे काय?”

“असंन काहीतरी. जुनी गोष्ट. उसव तू आपली.” आणि ती कुकर लावायला उठली.

मी वहीत लिहिलं: ‘डावी काख – निळी लोकर, चार ओळी, दोन मीटर तीस सेंमी. कारण अज्ञात.’

उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी असते. ती सरळ कशी करायची यावर माझ्याकडे दोन दिवसांत पाच मतं जमा झाली. आमच्या प्रयोगशाळेत नमुने स्वीकारण्याच्या खिडकीवर बसणारा संघपाल म्हणाला, “मॅडम, कायले डोकं लावता? तिबेटी लोकायचा बाजार लागला आहे, एक नवा घ्या अन् मोकळ्या व्हा.” आई म्हणाली, कुकरच्या वाफेवर धर. मी धरली. पाच इंच सरळ झाली आणि वरणाचा वास लागला. वरच्या मजल्यावरच्या देवकीताई जिन्यात भेटल्या. त्यांना विणकामातलं सगळं कळतं, म्हणजे तसं त्या सांगतात. “रिठ्याच्या पाण्यात धुवायची, लड्या करायच्या आणि खाली वजन बांधून उन्हात टांगायच्या. वजन सारखं पाहिजे हं, विशाखा. नाहीतर एक टाका हत्तीचा, एक टाका मुंगीचा.”

सारखं वजन. हे मला पटलं. या एकाच बाबतीत मी त्या इमारतीतल्या कोणापेक्षाही लायक होते.

प्रयोगशाळेतून बाद झालेल्या नमुन्याच्या बाटल्या माझ्याकडे घरी होत्या. मी सात घेतल्या. प्रत्येकीत पाणी भरलं, काट्यावर ठेवून बरोबर पाचशे ग्रॅम केलं, झाकण घट्ट लावलं. मग हाताला जी सवय आहे ती हातानं केली. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. क्रमांक, तारीख, वेळ, सही. नाहीतर कोणती लडी कुठली हे कळणार कसं? गच्चीवर आडवी आणि भक्कम अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे पाण्याच्या टाकीतून निघणारा जाड पाइप. त्यावर मी रिठ्यात धुतलेल्या सात ओल्या लड्या ओळीनं टांगल्या आणि प्रत्येकीच्या खाली एक बाटली बांधली. फार सुबक दिसत होतं. मी फोटोसुद्धा काढला.

चौतीस वर्षांच्या लोकरीचा रंग सुटणार नाही, असा माझा अंदाज होता. अंदाज मी एरवी करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहरराव जिन्यात उभे. हे तळमजल्यावर राहतात, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि बाबांचे सकाळच्या फिरण्यातले जोडीदार. त्यांचा आवाज दबलेला होता.

“ताई, वर टाकीपाशी बाटल्या तुमच्या?”

“हो, माझ्याच. दोन-तीन दिवस राहू द्या. कोणी हात लावायला नको.”

“नाही, नाही, हात कशाला लावतो कोणी! सात आहेत.”

“सात लागल्या.”

“सात लागल्या,” ते स्वतःशीच म्हणाले. “आणि... काय निघतंय?”

“ते वाळल्यावर कळेल,” मी म्हणाले. मला ऑफिसची बस गाठायची होती. दोन पायऱ्या उतरल्यावर मला आठवलं, की हे आणि बाबा रोज फोनवर बोलतात. म्हणून मी वळून आणखी एक वाक्य बोलले. त्या वाक्याची जबाबदारी पूर्णपणे माझी आहे. “काका, एक विनंती. बाबांना यातलं काही कळू देऊ नका. वेळ आली की मी स्वतः सांगेन.”

मनोहररावांचा चेहरा पडला. मला वाटलं, बाबांपासून गोष्ट लपवायची म्हणून त्यांना वाईट वाटलं असेल.

आता त्यांच्या बाजूनं बघा. पाणी तपासणाऱ्या खात्यातली बाई. सोसायटीच्या टाकीला सात बाटल्या लटकवलेल्या, सीलबंद, तारीख-वेळ-सहीसकट. टाकीखाली हिरवट पाण्याचं थारोळं, आणि त्याची एक धार पन्हाळीतून थेट मनोहररावांच्या तुळशीच्या कुंडीत. आणि बाई म्हणते, हात लावू नका, अजून कळायचं आहे, माझ्या सख्ख्या बापालाही सांगू नका. त्यांच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते.

संध्याकाळी परतले तर फाटकाशी पाण्याच्या जारांची गाडी उभी. प्रत्येक दारात एक निळा जार. मला वाटलं कोणाकडे लग्न आहे. देवकीताई जार ढकलत आत नेत होत्या. मला पाहून थबकल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “तुझ्यावर किती दडपण असेल गं.”

मला वाटलं, विणकामाचं.

“जमेल,” मी म्हणाले. “फक्त गळ्याची काळजी वाटते.”

“गळ्याची?” त्यांचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. “तरीच! कालपासून माझा घसा खवखवतोय.”

सोसायटीत माझी जी काही शांत आणि नेमकी बोलणारी बाई अशी ख्याती आहे, तिनं माझं त्या आठवड्यात जितकं नुकसान केलं तितकं कुठल्याही वावदूकपणानं झालं नसतं. मी जितकं कमी बोलत होते तितकी लोकांची खात्री पटत होती.

तिसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले तर पाइप रिकामा होता. लड्या नाहीत, बाटल्या नाहीत. पाइपावर सुतळीची दोन तुटकी टोकं आणि खडूनं मारलेला एक बाण.

खाली आई दाराशीच बसली होती. “वॉर्डाचा माणूस आला होता. मनोहररावानं तक्रार केली म्हणे. पंचनामा केला, लाखेचं सील लावलं, माही सही घेतली.”

“तू सही केलीस?”

“साक्षीदार म्हणून. मले काय माहीत? तो म्हणे नमुने जप्त करून राहिलो. मी म्हटलं, बाबू, लोकर तरी सोड. तर म्हणे, आजी, दोरी नमुन्याले लागलेली आहे, सोडता येत नाही. लय लांब होती नं, तर दोनदा कात्रीनं तोडली. मी त्याले म्हटलं का हे माह्या नवऱ्याचं स्वेटर होय. तर तो माह्याकडे असा पाहे जसं का मी पाणी पिऊनच अशी झाली.”

मी पलंगावर बसले. फोन वाजला. बाबा.

“थंडी आहे. स्वेटर वाळला?”

“वाळतोय, बाबा.”

“कुठे?”

शास्त्र शिकलेल्या माणसानं खोटं बोलू नये असं माझं मत आहे. “उन्हात होता,” मी म्हणाले. हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता संघपाल माझ्या टेबलाशी आला. “मॅडम, सात नमुने आले. रहिवासी इमारत, टाकीचं पाणी, रंग हिरवट असल्याची तक्रार. अन् दोरी पाहा, काय मस्त आहे. हिवाळ्यासाठी स्पेशल बांधली वाटते.” मग त्यानं चिठ्ठीवरची सही पाहिली. मग मला पाहिलं. मग पुन्हा सही. “हे तं तुम्ही होय नं?”

मी त्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की खिडकीवरची रांग आत डोकावायला लागली. हसून झाल्यावर मी म्हणाले, “आता लोकर सोडवून दे.”

तो एकदम गंभीर झाला. “ते कसं जमंन, मॅडम? नियम आहे न.” आणि त्यानं भिंतीवरचा कागद दाखवला.

‘नमुन्यासोबत आलेली कोणतीही वस्तू अहवाल निघेपर्यंत नमुन्यापासून वेगळी करू नये. अहवालानंतर ती वस्तू केवळ मूळ मालकास, लेखी अर्ज व खात्रीलायक ओळख पटल्यावरच परत करावी.’

हा नियम मी लिहिला होता. चार वर्षांपूर्वी एका विहिरीच्या नमुन्यासोबत दोर आला होता, तो कोणीतरी काढून घरी नेला, आणि गावकरी दोरासाठी भांडायला आले. तेव्हा मी ही भाषा तयार केली आणि वरिष्ठांनी तिचं कौतुक केलं. ‘खात्रीलायक’ हा शब्द खास माझा होता. त्याच्याच खाली आणखी एक ओळ: ‘ज्या कर्मचाऱ्याचा नमुन्याशी वैयक्तिक संबंध असेल त्याने तपासणीत भाग घेऊ नये.’ तीही माझीच.

तेव्हा पाच दिवस मी माझ्याच खोलीत बसून, काचेपलीकडे माझ्या वडिलांचा स्वेटर सात बाटल्यांना बांधलेला पाहत होते आणि दुसरी विश्लेषक माझ्या घरच्या नळाच्या पाण्यात जंतू शोधत होती. वहीत मी लिहिलं: ‘प्रगती – शून्य टाके.’

बाबा रविवारी येणार होते. ते शुक्रवारीच आले. मनोहररावांना अखेर राहवलं नव्हतं. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, “आनंदराव, घरी आलात तर पाणी पिऊ नका, आणि मी सांगितलं असं विशाखाला सांगू नका.” दारात बाबा, खांद्यावर संत्र्यांची गोणी, अंगात रोशनचं जाकीट. त्यांनी गोणी ठेवली, जाराकडे बघितलं, दोरीवर बघितलं, खुंटीवर बघितलं.

“स्वेटर?”

मी सांगायला लागले. मी क्रमवार सांगते, त्यामुळे वेळ लागला. उसवला, इथपर्यंत आले तेव्हा बाबा खुर्चीत बसले. त्यानंतर मी रिठा, लड्या, बाटल्या, पंचनामा, नियम असं सगळं सांगितलं, पण मला नाही वाटत त्यांनी ते ऐकलं. ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

“सगळा?” त्यांनी विचारलं.

“सगळा, बाबा.”

“डावी बाजूही?”

आई स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला.

“हो.”

बाबा उठले, गोणीतून एक संत्रं काढलं, सोललं, आणि न खाताच टेबलावर ठेवलं. बाबांना रागावलेलं मी दोन-तीनदा पाहिलं आहे. हा राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी नव्यानं विणायच्या भरात एक साधी गोष्ट तपासलीच नव्हती: तो स्वेटर बाबांना नवा हवा होता का?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाकीट घालून तयार. “चल,” म्हणाले. “अर्ज.”

प्रयोगशाळेच्या खिडकीवर त्यांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. अकरा शब्दांचा. अहवाल त्याच सकाळी निघाला होता: सातही नमुने पिण्यास योग्य, रंग बाहेरून आलेला. संघपालनं अर्ज वाचला आणि अदबीनं म्हणाला, “काका, मॅडमचे वडील आहा, माहीत आहे मले. पण खात्रीलायक ओळख लिहिलं आहे इथं. लोकर तं बाजारात सगळी सारखीच. तुमचीच कशावरून?” आणि माझ्याकडे बघून हळूच, “सॉरी मॅडम, तुमचाच नियम.”

बाबा काचेपाशी वाकून एकेक लडी निरखत गेले. मग त्यांनी काचेतून बोट दाखवलं.

“चौथी बाटली. त्या लडीत निळी आहे. चार ओळी.”

संघपालनं लडी हलवली. हिरव्यामधून निळं डोकावलं. “हाव! आहे! पण काहून हो काका? मधातच निळं?”

आणि मग बाबा बोलले. इतके शब्द त्यांना सलग बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

“माझ्यासाठी विणत होती तेव्हा तिचाही एक सुरू होता. निळा. पहिल्यांदाच स्वतःसाठी. माझी हिरवी पुरली नाही, तसा रंग परत मिळाला नाही. तिनं स्वतःचा उसवला. काखेत लावला, दिसू नये म्हणून. तेवढ्यासाठी तिचा राहूनच गेला. उरलेल्याची हिची शाळेतली टोपी झाली.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “मला माहीत आहे हे तिला माहीत नाही.”

मला ती टोपी आठवली. तिचा गोंडासुद्धा आठवला. मग दुसरी एक गोष्ट आठवली, आणि मी विचारलं, “बाबा, म्हणून तुम्ही सभेत...?”

“हात वर केला की दिसलं असतं,” बाबा म्हणाले. “मग कोणी तिला विचारलं असतं.”

संघपालनं रजिस्टर पुढे केलं आणि ‘ओळख पटली’ या रकान्यात बरोबरची मोठी खूण केली.

घरी मी आईला सांगितलं. लपवाछपवीनं काय होतं याचा अनुभव ताजा होता. आई आधी ऐकत राहिली, मग उसळली. “माहीत होतं? चौतीस वर्ष माहीत होतं अन् बोलले नाही? अहो, अन् मी दर साली त्या बोहारणीले आवाज देऊन राहिली! का हे कधी हात वर करतीन, अन् ते निळं दिसंन, अन् म्हणतीन का बाई, तुले एक स्वेटर धड विणता आलं नाही!”

“धडच होतं,” बाबा म्हणाले.

“तुम्ही नका बोलू आता! बोलाचं तवा बोलले नाही!” आणि ती आत जाऊन उगाच भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छ होती.

राहता राहिला विणण्याचा प्रश्न. मी लोकर मोजली. कात्रीनं तुटलेले तुकडे, वाफेचा वाया गेलेला भाग, लाखेत अडकलेली टोकं वजा जाता सहाशे पंच्याण्णव मीटर शिल्लक होती. बाबांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरला आठशे दहा लागत होती. मी हिशेब तीनदा केला. मग वही बाबांसमोर ठेवली आणि म्हणाले, “पुन्हा पुरत नाही.”

बाबांनी आकडे बघितले. आईकडे बघितलं. आई चार फूट दहा इंच आहे.

“तिला किती?”

मी मोजलं. “सहाशे साठ.”

“मग तिचा.”

“मले नाही लागत ते मळकट!” आतून आवाज आला. “अन् विणाचाच असंन तं गळा गोल करजो, व्ही नको.”

पुढचे पंधरा दिवस बाबांनी हातांवर लड्या धरल्या, मी गुंडे केले, आणि आईनं माझ्या प्रत्येक ओळीला नावं ठेवली. निळ्या ओळी आल्या तेव्हा मी त्या काखेत घ्यायला निघाले. आईनं सुया हातातून काढून घेतल्या. “समोर घे,” म्हणाली. “छातीवर. हे मी विणते.” चार ओळींना तिला दोन दुपारी लागल्या. टाके हत्तीचे आणि मुंगीचे आहेत. मी त्यांना वहीत ‘स्वीकारार्ह’ असा शेरा दिला आहे. उरलेल्या पस्तीस मीटरची बाबांसाठी कानपट्टी झाली. ती थोडी घट्ट आहे, पण बाबांनी त्याबद्दल एकही शब्द खर्च केलेला नाही.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मनोहररावांनी गच्चीवर सभा बोलावली. त्यांनी टाकी तरीही धुऊन घेतली होती आणि पाण्याचा अहवाल चौकटीत बसवून आणला होता. सबंध परिसरात आपल्याइतकं सिद्ध झालेलं पाणी कोणाकडे नाही, असं ते दोनदा म्हणाले, आणि याचं श्रेय सोसायटीच्या सतर्कतेला आहे असं एकदा. देवकीताईंचा घसाही बरा होता. माझ्याबद्दल ठरावात फक्त एक कलम होतं: टाकीच्या पाइपाला यापुढे कोणतीही वस्तू टांगू नये. भाषा जरा ढोबळ होती. मी त्यांना ‘कोणत्याही प्रयोजनार्थ’ हे शब्द सुचवले, ते त्यांनी घातले.

आई पुढच्या रांगेत खुर्चीवर बसली होती. ऊन चांगलंच होतं, तरी तिच्या अंगात स्वेटर होता, आणि तिनं पदर असा घेतला होता की निळ्या ओळी झाकल्या जाऊ नयेत.

“मान्य असल्यास हात वर करावेत,” मनोहरराव म्हणाले आणि नोंदवहीत खाली बघतच सवयीनं लिहायला लागले, “आनंदराव, तोंडी...”

मग त्यांनी वर बघितलं.

बाबांचा डावा हात वर होता. सरळ, कानाला लागून, शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलाचा असतो तसा. सगळ्यांचे हात खाली आले, ठराव मंजूर झाला, चहाचे पेले फिरायला लागले, तरी तो वरच होता.

“खाली घ्या आता,” आई म्हणाली. “पाहिलं सगळ्यायनं.”